मॉडेल रॉकेटचा छंद : पाच हजारांचा हिशेब कुठे चुकतो

निपाणीहून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. मुलगा नववीत आहे, चंद्रयान-३ उतरताना बघितलं तेव्हापासून डोक्यात रॉकेट बसलंय. घरातून पाच हजारांपर्यंत मंजुरी आहे. चाळीसेक डॉलरचं एक अमेरिकन स्टार्टर किट तुम्ही हेरून ठेवलंय. ते मागवावं का, आणि वर अजून किती खर्च येईल? शिवाय प्रश्नाच्या शेपटीला, अगदी सहज, एक ओळ आहे : ‘नाहीतर दिवाळीच्या बाणातली दारू काढून मोटर करता येईल का?’

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. बेळगावात उद्यमबागेत माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, हायड्रॉलिकची जॉबवर्कं करतो. बारा-तेरा वर्षं झाली, पाऊस उघडला की रविवारी सकाळी पोरांना घेऊन शेतात रॉकेटं उडवतो. शास्त्रज्ञ वगैरे कुणी नाही. पण या छंदात पैसे कुठे वाया जातात ते स्वतःचे घालवून शिकलोय.

तुम्ही किटची किंमत विचारताय, पण अडचण किटची नाही, मोटरची आहे. रॉकेट म्हणजे पुठ्ठ्याची नळी, तीन-चार पंख, प्लास्टिकचं टोक आणि पॅराशूट. हे सगळं निपाणीत बसून दोनशे रुपयांत करता येतं. त्याला वर नेते ती मोटर, आणि ती त्या खोक्यातून तुमच्या घरी यायची नाही. पिठाची गिरणी घेतली आणि गावात वीजच नाही, तशी गत होते.

माझीच झाली. मावसभाऊ अमेरिकेहून येणार होता, त्याला म्हटलं एक किट घेऊन ये. त्यानं हौसेनं आणलं, पण मोटरशिवाय, कारण तसली वस्तू विमानात सामानातूनही नेता येत नाही आणि हातातूनही नाही. किट इतकं देखणं की पोरं हात लावायला घाबरायची. दोन वर्षं ते माळ्यावर पडून होतं. शेवटी पंखांची मापं घेण्यापुरतं खाली काढलं.

मोटर म्हणजे नेमकं काय, ते एकदा समजून घ्या, पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. सगळ्यात चालणारी मोटर १८ मिलिमीटर व्यासाची आणि ७ सेंटिमीटर लांबीची पुठ्ठ्याची नळी असते, साधारण अंगठ्याएवढी. आत काळी दारू यंत्रानं दाबून दगडासारखी केलेली असते, खाली मातीचं नोझल. वर छापलेलं असतं समजा सी६-५. यातलं अक्षर म्हणजे एकूण ताकद, आणि प्रत्येक पुढचं अक्षर आधीच्याच्या दुप्पट : बी म्हणजे ५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, सी म्हणजे १०, डी म्हणजे २०. मधला ६ म्हणजे सरासरी रेटा सहा न्यूटन, तळहातावर सहाशे ग्रॅमची पुडी ठेवल्यावर लागतो तेवढा. शेवटचा ५ म्हणजे रेटा संपल्यावर पाच सेकंदांनी आत छोटा बार होतो आणि पॅराशूट बाहेर पडतं. हलक्या रॉकेटात अशी मोटर घातली तर ते तीनशे मीटरपर्यंत जाऊ शकतं. मग ती नळी टाकून द्यायची. पुढच्या उड्डाणाला नवी. रॉकेट एकदा घ्यायचं असतं, मोटर दरवेळी. अमेरिकेतला पोरगा ती खेळण्यांच्या दुकानातून तीनच्या पाकिटात आणतो, म्हणून त्यांचे व्हिडिओ बघून आपला हिशेब चुकतो.

आपल्याकडे स्फोटक पदार्थांचा कायदा १८८४ चा आहे आणि आज लागू असलेले नियम २००८ चे. त्याचं काम बघणारी संस्था म्हणजे पेसो, मुख्य कार्यालय नागपूरला. परवान्याशिवाय असला माल बाहेरून मागवता येत नाही आणि टपाल किंवा कुरिअर तो उचलत नाही. एखादी वेबसाइट ‘शिप्स टू इंडिया’ म्हणत असेल तर ते किटबद्दल असतं, मोटरबद्दल नव्हे, तेवढं नीट वाचा. देशात कार्यशाळा घेऊन मुलांकडून मॉडेल रॉकेट उडवून घेणाऱ्या काही मंडळी आहेत. तिथे मोटर त्यांची, मैदान त्यांचं, जबाबदारी त्यांची. त्यांच्याकडे जायचं असेल तर पैसे भरण्याआधी एकच विचारा : मोटर कुणाची आणि परवाना दाखवाल का? उत्तर द्यायला जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे मुलगा पाठवू नका.

आता दिवाळीचा बाण. नाही. दारू काढायची नाही, भरायची नाही, ‘फक्त एकदा बघूया’ म्हणून सुद्धा नाही. कारण सांगतो, कारण नुसतं ‘नको’ म्हटलं तर नववीतला पोरगा ऐकत नाही, हे मला माहीत आहे. घट्ट दाबलेली दारू फक्त उघड्या पृष्ठभागावरून थराथरानं जळते, म्हणून रेटा सावकाश मिळतो. ती कोरून काढली की भुगा होतो. भुग्यात आग दाण्यादाण्यांमधून एकदम आत शिरते, डोळ्याची पापणी लवायच्या आत दाब चढतो आणि मोटर म्हणून हातात घेतलेली नळी सुतळी बॉम्ब होते. कोरताना घासण्यानं पेटण्याची भीती वेगळीच. आपला सगळा पट्टा साखर कारखान्यांचा, त्यामुळे साखरेच्या इंधनाचा व्हिडिओ दाखवून ‘काका, साखर तर घरचीच आहे’ म्हणणारा एक तरी गडी मला दरवर्षी भेटतो. त्यालाही हेच उत्तर. ज्या वयात हा छंद लागतो त्या वयात दहा बोटं असतात, ती दहाच राहिली पाहिजेत.

मग पाच हजारांत काय करायचं? माझा सल्ला : पहिली दोन वर्षं पाण्याचं रॉकेट. हे ऐकून चिरंजीवांचा चेहरा पडणार, मला माहीत आहे. त्याला सांगा की दोन लिटरच्या बाटलीत ६० पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजतात तेच माप) हवा भरली की बाटलीच्या तोंडावर सोळा किलोच्या आसपास जोर येतो, आणि सुटल्यावर ती पुरुषभर उंचीवर असतानाच नजरेतून निसटते. पंख, तोल, पॅराशूट, वारा, सगळं शास्त्र तेच. फक्त आग नाही, परवाना नाही, आणि दर उड्डाणाचा खर्च अर्धा लिटर पाणी. एका सकाळी आम्ही वीस-पंचवीस उड्डाणं करतो. मोटरवर तेवढी करायची तर तुमचं सगळं बजेट पहिल्या रविवारीच संपेल.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या. गॅसच्या पेयाची बाटली मुळातच दाब सोसायला केलेली असते, तळाला पाच पाकळ्या असतात तीच. पिण्याच्या पाण्याची बाटली दिसायला तशीच, पण कागदासारखी पातळ. ती चाळीसच्या आतच फुगून फाटते. भंगारवाल्याकडे दोन-पाच रुपयांना एक मिळते, दहा घेऊन या. ओरखडा किंवा दुमड असलेली बाजूला टाका.

खरी गंमत लाँचरच्या, म्हणजे बाटली उलटी बसवून जिथून सोडायची त्या सांगाड्याच्या, पाइपमध्ये आहे, आणि इथे मी स्वतः फसलोय. दिवसभर हातात व्हर्नियर घेऊन बसणारा माणूस, आणि पाइप आणला डोळ्यांनी मापून! दुकानात ‘अर्धा इंची द्या’ म्हटलं, त्यानं दिला पिवळट पांढरा सीपीव्हीसी, गरम पाण्याचा. त्याचा बाहेरचा व्यास १६ मिलिमीटरसुद्धा भरत नाही. बाटलीच्या तोंडात तो हलणाऱ्या दातासारखा हलायला लागला. शेतातल्या फिटिंगचा २० मिलिमीटरचा पाइप आत जातो, पण गळतो. हवा तो नळाच्या थंड पाण्याचा अर्धा इंची यूपीव्हीसी, जाड भिंतीचा : बाहेरून २१.३ मिलिमीटर. बाटलीचं तोंड आतून पावणेबावीस ते बावीस. जणू एकमेकांसाठीच केलेत. जाताना रिकामी बाटली खिशात घेऊन जा आणि दुकानातच घालून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. त्या पाइपवर एक ओ-रिंगची (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्याची) खाच पाडायची. निपाणीत कुठल्याही लेथवाल्याकडे चहाच्या पैशांत होईल. नाही जमलं तर टेफ्लॉन टेपचे वेढे घट्ट बसेपर्यंत गुंडाळा. दोन-चार उड्डाणांनी ते सुटतात, पण काम भागतं.

पाइपच्या दुसऱ्या टोकाला एंड कॅप, तिला साडेअकरा मिलिमीटरचं भोक, त्यात कारच्या ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह. पंक्चरवाल्याकडे तीस-चाळीस रुपयांत मिळतो. हा व्हॉल्व्हसुद्धा ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, त्यामुळे ‘काका, अजून थोडं भरूया की’ म्हणणाऱ्यांना हे आयतं उत्तर होतं. बाटली धरून ठेवायला पाइपभोवती केबल टाय उभे लावायचे, त्यांची डोकी बाटलीच्या गळ्यावरच्या कड्यावर अडकतात. वरून दीड-दोन इंची पाइपचा तुकडा सरकवला की डोकी दाबून राहतात. दोरीनं तो तुकडा खाली ओढला की टाय मोकळे, बाटली गेली. पहिल्यांदा चार-पाच टाय लावून बचत करू नका. गोल भरून लावा, शंभराचं पाकीट घेतलंच आहे.

कंजुषी कुठे करायची नाही तर पंपात. सायकलचा साधा पंप चारशेला मिळतो, मीटर असलेला उभा पंप नऊशे ते बाराशे. मीटरचाच घ्या. मीटर नसला की पोरं हाताला किती जड लागतंय त्यावरून दाब सांगायला लागतात, आणि कुणाच्याच हाताला खरं कळत नाही. दुसरी न टाळायची वस्तू म्हणजे ग्राइंडिंगचे गॉगल, शंभराच्या आसपास एक. जितके जण दोरीजवळ तितके गॉगल. बाकीचे सहा मीटर मागे, आणि दाब भरलेल्या लाँचरवर वाकून कुणीही बघायचं नाही. पाण्याचं रॉकेट म्हणजे खेळणं नव्हे, एवढं पहिल्या दिवशीच ठणकावून सांगा.

प्रत्येक नव्या बाटलीची मी आधी टेस्ट घेतो. आमच्या हायड्रॉलिकच्या धंद्यातली जुनी पद्धत आहे : बाटली काठोकाठ पाण्यानं भरायची, हवेचा बुडबुडासुद्धा ठेवायचा नाही, आणि मग ७० पर्यंत दाब द्यायचा. त्यासाठी पंपाला जोडायचा कारचा व्हॉल्व्ह तेवढ्यापुरता काढून धातूचा व्हॉल्व्ह बसवतो. पाणी दबत नाही, त्यामुळे फाटली तर नुसती फसकन भिजवते. तेच हवेनं भरलेली फाटली तर कानठळ्या बसतात. टिकली तिच्या बुडाला मार्करनं तारीख. उडवताना ६० च्या वर जायचं नाही आणि पाणी तिसरा हिस्सा, दोन लिटरला साधारण सहाशे मिली. जास्त पाणी म्हणजे जास्त ताकद असं पोरांना वाटतं. त्यांना वेगवेगळं भरून उडवू द्या, वहीत लिहू द्या. विज्ञान प्रदर्शनाला तेवढा एक आलेख पुरतो.

पंखांना सनपॅक शीट. विकत घेऊ नका, प्रचाराचे आणि जाहिरातींचे जुने बोर्ड मागून आणा. आमच्याकडे बोर्डावरच्या भाषेवरून किती रामायण होतं ते सीमाभागातल्या माणसाला मी सांगायला नको. पण बोर्ड जुना झाला की मराठी असो की कन्नड, पंख सारखाच होतो. पॅराशूट दुकानातल्या मोठ्या पिशवीचं किंवा मोडक्या छत्रीच्या कापडाचं. टोकाला मऊ चेंडू अर्धा कापून, आत गणपतीतली उरलेली शाडू पन्नासेक ग्रॅम. ती माती शोभेला नाही. रॉकेटचा गुरुत्वमध्य (जिथे ते तोलतं ती जागा) हवेच्या दाबमध्याच्या (उडताना हवेचा जोर जिथे एकवटतो त्या जागेच्या) पुढे, टोकाकडे, निदान एका व्यासाइतका असावा लागतो. दोन लिटरच्या बाटलीला तो व्यास अकरा सेंटिमीटर. तपासायचं असं : उडवण्याच्या स्थितीत, पण पाण्याशिवाय, रॉकेट जिथे तोलतं तिथे दोरा बांधा आणि डोक्याभोवती गरगर फिरवा. टोक पुढे ठेवून फिरलं तर उडेल. आडवं-तिडवं झालं तर शाडू वाढवा किंवा पंख मागे सरकवा. हे न करता उडवलेलं आमचं एक रॉकेट वर जाऊन वळलं आणि थेट माझ्या स्कूटरच्या सीटवर आलं. सीटला अजून टाका आहे.

खोक्यात न येणारी आणि कुणी हिशेबात न धरणारी गोष्ट म्हणजे जागा. अमेरिकेत नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री म्हणून हौशी लोकांची १९५७ पासूनची संघटना आहे, तिच्या सुरक्षा नियमांत मोटरच्या अक्षरावर मैदान ठरतं. आपल्या मापात सांगतो : ए मोटरला प्रत्येक बाजू तीस मीटर, म्हणजे नऊ गुंठे. बीला साठ मीटर, एकराला थोडं कमी. सीला १२० मीटर, साडेतीन एकर. डीला दीडशे मीटर, साडेपाच एकरांच्या वर. अक्षर एक घर पुढे गेलं की नुसती मोटर महाग होत नाही, रानही वाढतं. पाण्याच्या रॉकेटला एक मोकळं एकर पुष्कळ. आमच्याकडे भात कापून झालं की नोव्हेंबरपासून रानं रिकामी होतात, सकाळी आठपर्यंत वाराही पडलेला असतो. तुमच्या भागात ऊस जास्त, तेव्हा उसापासून दूर जागा बघा. उसात पडलेलं रॉकेट म्हणजे गेलेलं रॉकेट. आमचं एक फेब्रुवारीत गेलं, ते पुढच्या वर्षी तोडणीला आलेल्या टोळीनं आणून दिलं, पंखांसकट. मालकाला आधी विचारा, बांधावर चहा पाजा. हा खर्चही धरा. आम्ही सांबऱ्याच्या बाजूला कधीच जात नाही, तिथे विमानतळही आहे आणि हवाई दलाचं केंद्रही. लष्कराच्या कॅम्प भागातही नाही. तुम्हीही मैदान निवडताना असं काही जवळ नाही ना, ते आधी बघून घ्या.

तर पैशांचा हिशेब, बेळगावच्या आजच्या भावानं, थोडं इकडे-तिकडे धरून : पंप हजार, पाइप आणि फिटिंग दोनशे, व्हॉल्व्ह-ओ-रिंग-टाय दोनशे, दोन गॉगल दोनशे, बाटल्या-टेप-दोरा-चिकटपट्टी दीड-दोनशे. अठराशे ते दोन हजारांत तुम्ही मैदानात. त्यातले अर्धे पैसे पंपाचे, आणि तो उद्या छंद सुटला तरी सायकलला उपयोगी. उरलेल्या तीन हजारांतले पाचशे मोडतोडीला ठेवा. राहिलेले खर्चू नका. सहा महिन्यांनी पोरगं अजून वहीत आकडे लिहीत असेल तर एखाद्या चांगल्या कार्यशाळेला, खऱ्या मोटरवर एक रॉकेट त्याच्या हातून उडू दे. लिहीत नसेल तर तुमचे अडीच हजार वाचले, आणि मुलाचंही काही बिघडलं नाही. सगळीच पोरं टिकत नाहीत. माझ्याकडे दहा येतात, दुसऱ्या वर्षी तीन उरतात.

दोन गोष्टी मात्र फुकट आहेत, त्या आजच करा. कॉम्प्युटर असेल तर ओपनरॉकेट नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. मोटरचं रॉकेट त्यात पडद्यावर बांधता येतं, ते किती उंच जाईल, तोल आहे की नाही ते दिसतं. ज्याला खरी मोटर मिळत नाही त्यानं इथे डी-ई पर्यंत हौस भागवावी. दुसरं, इस्रोचा ‘युविका’ हा शाळकरी मुलांना अंतराळ विज्ञान शिकवणारा कार्यक्रम. २०१९ ला सुरू झाला, आणि तो नववीत शिकणाऱ्यांसाठीच आहे. निवड झाली तर प्रवास, राहणं, जेवण त्यांचं. अर्ज ऑनलाइन असतो. तुमचा मुलगा नववीत आहे म्हणजे त्याची वेळ यंदाच, पुढच्या वर्षी दार बंद. पुढे इंजिनिअरिंगला गेला तर इन-स्पेस (केंद्र सरकारची अंतराळ क्षेत्रातली संस्था) आणि अॅस्ट्रोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया कॉलेजच्या मुलांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटची (डब्याएवढ्या नमुना उपग्रहाची) स्पर्धा घेतात. तिथे मोठ्या मोटरचं वेड रीतसर पुरवून घेता येतं.

किट मागवायचंच असेल, कपाटात शोभेला म्हणून, तर माझी हरकत नाही, आमच्या माळ्यावरही एक आहे. पण आधी एक रविवार बेळगावला या. निपाणीहून पहाटे निघालात तर आठच्या आत पोचाल. मुलाला लाँचर हाताळायला देतो, दोरी त्यानंच ओढायची. येताना चार-पाच रिकाम्या बाटल्या आणा, कोल्ड्रिंकच्या. आणि सुके कपडे एक जोडी, पहिल्या दिवशी सगळेच भिजतात.